रस्त्याकडची बाजू

ब्रॅकनली, यॉर्कशर
रविवार, ११ ऑक्टोबर १९५३

प्रिय एस्थर,

तुझा हेरिंगचा डबा पोचला. मासे चांगले होते. अर्धे तुझ्या भावानं उभ्या उभ्याच संपवले. पण आज आभार मानायला बसलेले नाही. तुला एक विचारायचं आहे, आणि हसायचं असेल तर आधी हसून घे.

जोनास मला रस्त्याकडून चालवतो.

लग्नाला सहा वर्षं झाली. चॅपलला जाताना तो कायम रस्त्याच्या बाजूला आणि मी भिंतीच्या. कुठलाही धड पुरुष तसंच चालतो. ऑगस्टपासून मात्र घराबाहेर पडलं की हा माझा दंड धरतो आणि मला आपल्या उजव्या हाताला घेतो. जाताना रस्ता उजवीकडे असतो. म्हणजे बसगाड्या, चिखल, सगळं माझ्या अंगावर, आणि हा दांडगा गडी भिंतीच्या आडोशाला. येताना आपोआप उलट होतं, तेव्हा तक्रार नाही. पण जाताना सगळी गल्ली बरोबर निघालेली असते. गेल्या रविवारी शेजारची मिसेस हेग मोठ्यानं म्हणाली, "काय रे टायसन, बायकोला रस्त्याकडून चालवतोस? विकायला काढलीस की काय?" सगळे हसले. जोनासही हसला, पण बाजू काही बदलली नाही.

दुसरं म्हणजे, त्यानं पलंगावरची बाजूही बदलून घेतली. खिडकीचा वारा लागतो म्हणे. ऑगस्टमध्ये.

तिसरं तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल, तू तर मैदानाच्या कडेलाच वाढलीस. इतकी वर्षं रग्बीत जोनास सेथ अ‍ॅक्रॉइडच्या डाव्या खांद्याला खांदा देऊन झुंजतो. सेथ मधला, चेंडू पायानं मागे ओढणारा, आणि जोनास त्याचा डावा खांब. दोन्हीकडचे सहा-सहा जण डोकी खाली घालून भिडतात तेव्हा वरून नुसत्या पाठी दिसतात. त्यातली जोनासची पाठ मी झोपेतही ओळखेन. या हंगामात ती सेथच्या उजवीकडे आहे. क्लबमध्ये विचारलं तर म्हणाले, त्यानंच मागून घेतलं.

आणि सेथ. तो आता मैदानाबाहेरही याच्या डाव्या अंगाला चिकटलेला असतो. दर सोमवारी संध्याकाळी हा सेथच्या घरी पत्ते खेळायला जातो. तुझ्या भावाला पत्त्यांतलं काही कळतं का? सेथच्या घरी त्याची बहीण लेना असते. तिशीची, बिनलग्नाची, डॉक्टर सटक्लिफच्या दवाखान्यात बसते. हसते छान.

सकाळी दाढी करताना हा अक्षरं पुटपुटतो. टी, एल, ओ, सी, असं काहीतरी, प्रार्थनेच्या चालीत. मी आत गेले की गप्प. त्यातला एल कोणाचा, हे मला कुणी सांगायला नको.

मी वेडी झालेय का, ते कळव.

तुझी विनी


मेरीपोर्ट
१८ ऑक्टोबर १९५३

विनी पोरी,

हसले. बंदरावरच्या बायकांना पत्र वाचून दाखवलं नाही, एवढाच संयम पाळला. आमचा जोनास आणि बाई? त्यानं तुला मागणी घातली तेव्हा मी दाराआड उभी होते. "विनी, माझ्याकडे दोन कोंबड्या आहेत" असं म्हणून तो थांबला होता. पुढचं तूच समजून घेतलंस म्हणून लग्न झालं. आणि ईस्टरला सामन्यात तोंड फोडून घेतलं, तेव्हा मी बघायला आले होते ना, तर तुझ्या हातचं सूप असल्याशिवाय हा तोंड उघडत नव्हता.

पण मग पत्र पुन्हा वाचलं, आणि पुन्हा वाचल्यावर हसू गेलं.

पलंगाचं सोड. पुरुषांना मध्येच काहीही सुचतं. रस्त्याचंही एक वेळ सोड. पण झुंजीतली बाजू? आमचे वडील डावीकडचे, जोनास लहानपणापासून डावीकडचा. मान, खांदा, पाय सगळे त्या बाजूला वळलेले. असा माणूस बत्तिसाव्या वर्षी उजवीकडे जात नाही. तो धर्म बदलेल, बायको बदलेल, पण खांदा बदलणार नाही. कुठंतरी पाणी मुरतंय.

मी एकदा विश्वासानं आंधळी राहिलेय. माझा एमोस रोज संध्याकाळी कबुतरं बघायला जायचा. कबुतरं बॅरोला राहायची, तिचं नाव आयव्ही होतं. तेव्हा मला कुणी सावध केलं असतं तर मी त्याच्या पाया पडले असते.

म्हणून डोळ्यांत तेल घालून राहा. त्याला काही विचारू नकोस. विचारलं की पुरुष शहाणे होतात. नुसतं बघ आणि मला लिही.

एस्थर

ता. क. दोन कोंबड्यांचं त्याला सांगू नकोस.


ब्रॅकनली
१५ नोव्हेंबर १९५३

प्रिय एस्थर,

बघितलं, आणि नको ते दिसलं.

मिसेस हेगनं बुधवारी बाजारात जोनासला पाहिलं. लेना त्याच्या दंडात दंड अडकवून चालली होती, भर दुपारी. रस्ता ओलांडताना तर तिनं त्याला जवळ ओढलं म्हणे. मिसेस हेग गोष्ट वाढवून सांगते हे मला माहीत आहे. पण दंडाची गोष्ट वाढवून किती वाढवणार?

मी त्याला सहज म्हणाले, "बाजारात कुणी भेटलं का?" तर म्हणाला, "नाही." माझ्याकडे पूर्ण वळून म्हणाला. आता तो काहीही बोलायचं तर अख्खं अंग वळवून बोलतो, कोर्टात उभा असल्यासारखा. खोटं बोलणाऱ्याला इतकं वळावं लागतं का?

घरातले तीन कप फुटले. लक्ष कुठं असतं कोण जाणे. शुक्रवारी मी शेगडीपाशी त्याच्या शेजारी भांडायच्या तयारीनं उभी होते आणि हा खिडकीबाहेर बघत बसला. मी खांद्याला हात लावला तर दचकला. म्हणाला, "तू इथं कधी आलीस?" एस्थर, मी त्याच्या कोपराशी होते. त्याच्या लेखी मी घरात असले काय, नसले काय.

आणि वर सगळं गाव त्याला डोक्यावर घेऊन नाचतंय. उन्हाळ्यात देशाचा संघ बोटीनं ऑस्ट्रेलियाला जाणार, त्यात याचं नाव येईल असं पेपरात आलंय. रंगाच्या कारखान्यात तो पिंपं उचलत असतो तिथं येऊन लोक हात मिळवतात. ब्रॅकनलीचा एकही माणूस आजवर त्या बोटीत चढलेला नाही. या गोष्टीनं माझा ऊर भरून यायला हवा होता. मी मात्र हिशेब करते की तेवढे महिने लेना कुठं असेल.

पाच डिसेंबरला त्याचा सामना तुमच्याकडे आहे. रात्री तो तुझ्याकडेच राहील. तू त्याला वाढवलंस, तुझ्यापुढे त्याला खोटं बोलता येत नाही. काय ते काढून घे आणि जे असेल ते मला सरळ लिही. मला गोंजारू नकोस.

विनी


मेरीपोर्ट
८ डिसेंबर १९५३

प्रिय विनी,

जोनास आला, जेवला, झोपला. बटाटे घातलेलं मटण केलं होतं. सामना जिंकले.

तसं काही नाही. बाई नाही. लेनाच्या वाटेला जाऊ नकोस, ती भली मुलगी आहे. कपांचं काय एवढं, मी चार धाडते.

थंडी खूप आहे. काळजी घे.

एस्थर


ब्रॅकनली
१३ डिसेंबर १९५३

एस्थर,

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं तर.

आजवर तुझ्या पत्रात एमोसचा उद्धार झाला नाही, असं झालेलं नाही. माझ्या आईच्या निधनाचं पत्र होतं, त्यातही तू त्याला दोन शिव्या घातल्या होत्यास. या पत्रात थंडी आहे. आणि लेना भली मुलगी आहे. तू लेनाला कधी बघितलंस?

तो तुझ्याकडून आला तो हलका होऊन आला. जिना चढताना गुणगुणत होता. माणूस मनातलं कुणापाशी तरी ओतून आला की असा येतो. त्यानं तुझ्यापाशी ओतलं, आणि तू झाकण लावून बसलीस.

भाऊ आहे तुझा, मला कळतं. रक्त शेवटी रक्ताकडेच जायचं. पण "मला कुणी सावध केलं असतं तर" असं तूच लिहिलं होतंस. आता तू बॅरोच्या बाजूची झालीस का? सेथ जाणतो, लेना जाणते, तू जाणतेस. त्या घरात न जाणणारी एकटी मी, आणि ते घर माझं आहे.

उद्या सोमवार. मी त्याच्या मागून जाणार आहे.

विनी


ब्रॅकनली
१५ डिसेंबर १९५३

एस्थर,

काल गेले होते.

सेथच्या मागच्या अंगणात कोळशाची कोठी आहे, तिच्याशेजारी स्वयंपाकघराची खिडकी. संध्याकाळचा चहा नुकता आटोपला असावा. पडदा लावलेला नव्हता. ज्यांना काही झाकायचं असतं ते पडदा लावतात, हेसुद्धा मला तेव्हा सुचलं नाही.

आत सेथ शेगडीपाशी पाइप ओढत बसला होता. जोनास खोलीच्या मधोमध, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा ताठ, आणि उजव्या डोळ्यावर तळहात. लेना लाटणं घेऊन समोरच्या कोऱ्या भिंतीवर टकटक करत होती. ती एकेक ओळ खाली यायची आणि हा अक्षरं म्हणायचा. टी, एल, ओ, सी. चुकला की सेथ म्हणायचा, "अरे ठोंब्या, चौथी ओळ," आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

मला काही कळेना. मला वाटलं, चर्चचं नाटक बसवताहेत.

मग लेना म्हणाली, "आता हात न काढता चालत जा आणि कोट घे. डॉक्टर चालायलाही सांगतील." कोट खिडकीशेजारच्या खुंटीला होता. जोनास वळला आणि सरळ माझ्याकडे आला. उजव्या डोळ्यावर हात, डावा उघडा. मी पळाले नाही. मनात म्हटलं, बरं झालं, आता काय ते समोरासमोर होऊ दे. दिवा माझ्या तोंडावर होता. आमच्या मध्ये नुसती काच. एस्थर, त्यानं माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीही उमटलं नाही. मग तो भिंत चाचपडत कोट शोधायला लागला.

तो डोळा गेलाय. बाहेरून अगदी पहिल्यासारखा आहे, निळा, आणि त्यातून काहीही दिसत नाही.

मी घरी आले, चूल पेटवली, तो आल्यावर त्याला जेवायला वाढलं. ताट त्याच्या उजव्या हाताला ठेवलं. पत्ते कसे झाले विचारलं. हरलो म्हणाला.

आता तू काय ते खरं सांग.

विनी


मेरीपोर्ट
१८ डिसेंबर १९५३

विनी,

हो, मला माहीत होतं. तुला सांगितलं नाही, आणि पुन्हा तसाच प्रसंग आला तर पुन्हाही सांगणार नाही. आधी हे लिहून टाकते, म्हणजे तुला रागवायला सोपं जाईल.

मी त्याला काही विचारलं नव्हतं. लहानपणापासून माझी एक खोड आहे. भांडी घासता घासता त्याच्यावर ओलं फडकं भिरकावते आणि तो डोकं खाली घालतो. कधी नेम लागला नाही. त्या संध्याकाळी डावीकडून भिरकावलं ते फाट्‌दिशी त्याच्या कानावर बसलं. तो हसला, पण फार उशिरा हसला. मी पुन्हा फेकलं. पुन्हा बसलं. मग मी त्याच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि त्यानं लहान मुलासारखं सगळं सांगितलं.

ईस्टरच्या त्या सामन्यात डाव्या डोळ्यावर गुडघा बसला, तेव्हाच सुरुवात झाली. सूज उतरली, पण नजर हळूहळू विझत गेली. ऑगस्टमध्ये पूर्ण अंधार. लीड्सला डोळ्यांच्या एका डॉक्टरकडे गेला होता, सेथला घेऊन. तो म्हणाला, डावा परत येणार नाही. उजव्याची मुळंही फार धड नाहीत, त्या बाजूला असाच एक फटका बसला तर मी काही करू शकणार नाही. खेळणं आजपासून बंद करा. तुझा नवरा टोपी घालून बाहेर आला आणि शनिवारी खेळला.

आता तूच जुळवून बघ. झुंजीत त्याला डावीकडे सेथ हवा, म्हणजे न दिसणारी बाजू झाकलेली राहते. चेंडू कुठं आहे ते सेथ त्याच्या पाठीवर बोटं दाबून सांगतो. रस्त्यात डावीकडे सेथ किंवा लेना, म्हणजे गाडीखाली जायला नको. आणि तू उजवीकडे. पलंगावर उजवीकडे, वाटेत उजवीकडे. रस्ता कुठल्या बाजूला आहे हे त्याच्या डोक्यातच नव्हतं गं. तू त्याला दिसायला हवी होतीस, एवढंच. आणि आपण दोघी शहाण्या बायका त्यात आयव्ही शोधत बसलो.

तो मला म्हणाला, "एस्थर, चौदाव्या वर्षी खाणीत उतरलो. मी आहे हे लोकांना कळलं ते या खेळामुळं. एकदा ऑस्ट्रेलियाला जाऊ दे. परत आलो की बूट जाळतो." देशाचा शर्ट घालून बोटीच्या कठड्याला उभं राहायचंय त्याला. मी त्याला शब्द दिला.

तेव्हा माझं ऐक. तुला कळलंय हे त्याला कळू देऊ नकोस. सात-आठ महिन्यांचा प्रश्न आहे. त्याला जाऊ दे.

एस्थर


ब्रॅकनली
७ मार्च १९५४

प्रिय एस्थर,

इतके दिवस लिहिलं नाही. राग होता, तो केव्हाच गेला. नंतर लिहायला हात उचलत नव्हता.

तुझं ऐकलं. गप्प राहिले. दर शनिवारी मैदानात जाऊन बसते. माझ्या आसपासच्या बायका चेंडूकडे बघतात, मी समोरच्यांच्या गुडघ्यांकडे बघते. जानेवारीत हलच्या संघातल्या एका रेड्याचं कोपर जोनासच्या उजव्या भुवईवर बसलं. तो चिखलात उठून बसला आणि डोकं इकडून तिकडे फिरवायला लागला, हळूहळू, काहीतरी हरवल्यासारखा. सेथ त्याच्यापुढे बसून बोटं दाखवत होता. मग जोनासनं मान डोलावली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिसेस हेग म्हणाली, "लोखंडाचा आहे गं तुझा नवरा."

एकदा त्याला म्हणून बघितलं, आता बस कर, वय झालं. त्यानं माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, ऑस्ट्रेलियाहून आलो की. मला सगळं माहीत आहे असं तेव्हाच सांगता आलं असतं. पण मी स्वतःला ओळखते. तो गयावया करेल, त्या उजव्या डोळ्यानं माझ्याकडे बघेल, आणि मी "जा" म्हणेन.

मंगळवारी त्याची निवड झाली. गल्लीत पताका लागल्या. मिसेस हेगनं केक केला.

बोटीत चढण्याआधी प्रत्येकाची तपासणी होते; गुरुवारी डॉक्टर सटक्लिफ याला तपासणार. त्यांच्याकडे अक्षरांचा पुठ्ठा आहे, दोन्हीकडून छापलेला. आधी उजव्या डोळ्यानं पुढची बाजू वाचायची. मग उजवा झाकला की डॉक्टर पुठ्ठा उलटतात. जोनासनं ती मागची बाजू पाठ केली आहे. लेनानं दवाखान्यात बघून त्याला शिकवली.

काल मी लेनाकडे गेले. मी दारात दिसताच तिचा चेहरा पडला. मी म्हटलं, "घाबरू नकोस, मी डिसेंबरपासून जाणते. तुला शिव्या देऊन झाल्यात, मनातल्या मनात. वेगळ्या अक्षरांचा नवा पुठ्ठा आहे का दवाखान्यात?"

ती म्हणाली, "आहे. कपाटात पडलाय. जुना मळका झालाय म्हणून डॉक्टर कधीचे लाव म्हणताहेत."

"मग लाव."

ती रडायला लागली. "जोनास मला जन्मात माफ करणार नाही."

"मलाही नाही करणार," मी म्हटलं. "आपण दोघी असू सोबतीला."

डॉक्टर बाहेर बोलणार नाहीत. गावाला गुडघा दुखावला म्हणून सांगता येईल, लाज जाणार नाही. पण बोट मात्र जाईल.

हे सगळं मी तुला का लिहितेय? तू त्याला शब्द दिला आहेस म्हणून. तुला वाटलं तर गुरुवारच्या आत त्याला कळव, तार कर. मी इतके महिने प्रत्येकावर संशय घेतला, अगदी पोस्टमनवरही. आता दमले. तू जे करशील ते त्याच्या मायेनंच करशील, एवढं मी धरून चालते.

विनी


मेरीपोर्ट
१० मार्च १९५४

विनी,

काल पोस्टात गेले. तारेचा मजकूर मनात तयार होता. खिडकीत माझ्या पुढे म्हातारा जोब होता, त्याच्या नातवाचा हात धरून आलेला. खाणीतल्या स्फोटात त्याचे दोन्ही डोळे गेले, तुला आठवत असेल. पोरगा त्याला सांगत होता, "आजोबा, पायरी." जोबनं आवाजावरून मला ओळखलं आणि म्हणाला, "एस्थर, तुझा भाऊ ऑस्ट्रेलियाला जातोय ना? मला पेपर वाचून दाखवला."

मी एक तिकीट घेतलं आणि घरी आले. तेच या पत्राला लावतेय.

एमोस नरकात जावो. हे लिहिल्याशिवाय तुला पत्र खरं वाटत नाही ना.

एस्थर


ब्रॅकनली
१४ मार्च १९५४

प्रिय एस्थर,

झालं.

गुरुवारी मी त्याच्याबरोबर दवाखान्यात चालत गेले. वाटेत बसनं माझ्या चांगल्या कोटावर चिखल उडवला, तो अजून निघालेला नाही. तो आत गेला. मी बाकावर बसले. लेना माझ्याकडे बघेना, मी तिच्याकडे बघेना. आतून त्याचा आवाज येत होता, टी, एल, ओ, सी, खणखणीत, चॅपलमध्ये धडा वाचल्यासारखा. एकदाही अडखळला नाही.

बाहेर आला तो टोपी हातात. म्हणाला, "चल, घरी."

घरी चहा दिला तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. डोळा, लीड्सचा डॉक्टर, सेथ, सगळं. मी चकित झाल्याचं सोंग केलं. खुर्चीला धरलं, तोंडावर हात नेला. मग खरंच रडू आलं, तेव्हा सोंग करावं लागलं नाही.

पेपरात गुडघा आलाय. मिसेस हेग रात्रीच्या आत पताका उतरवून गेली, एक शब्द न बोलता. इतकं शहाणपण तिच्यात आहे हे मला माहीत नव्हतं.

पण तो विचारतो, एस्थर. पुठ्ठा कुणी बदलला, हेच सारखं विचारतो. त्याचा संशय सेथवर आहे. आपण बोटीवर जाऊ आणि सेथ मागे राहील, म्हणून त्यानंच जळून केलं असणार, असं म्हणतो. काल तर सेथला दारातूनच परत पाठवलं. दहा वर्षांची दोस्ती. मी तोंडाला कुलूप लावून बसलेय. सांगावं तर तो माझ्याकडे कसा बघेल, आणि न सांगावं तर बिचारा सेथ. आता या घरात संशय घेणारा तो आहे, आणि जिच्यावर घ्यायला हवा ती मी.

काय करू?

विनी


ब्रॅकनली
२४ एप्रिल १९५४

एस्थर,

मी पत्र लिहितोय म्हणून घाबरू नकोस. कुणी मेलेलं नाही. विनी बाजारात गेली आहे, तेवढ्यात उरकतो. अक्षर वाईट आहे, ते डोळ्यामुळं नाही, पहिल्यापासूनच आहे.

विनीनं तुला सगळं लिहिलं असणार. तिला वाटतं मला माहीत नाही. मला माहीत आहे, आणि कुणीही सांगितलेलं नाही.

त्या गुरुवारी घरातून निघालो. दवाखाना चॅपलच्या उलट दिशेला, म्हणजे रस्ता डाव्या हाताला. मी नेहमीप्रमाणं तिचा दंड धरून तिला उजवीकडं घ्यायला गेलो, तर दंड हाताला लागेना. ती आधीच माझ्या डावीकडं जाऊन उभी राहिली होती. माझा दंड तिनं धरला आणि चालायला लागली. समोरून बस आली ती मला ऐकू आली. चिखल उडाल्याचंही ऐकू आलं. ती सरकली नाही. उलट मला भिंतीकडं दाबलं.

एस्थर, माझ्या डावीकडून चालणारी माणसं दोनच होती, सेथ आणि लेना. ज्याला माहीत आहे तोच डावीकडून चालतो. तिला वाटलं, मला काही कळलं नाही. माझ्या मनात आलं, हिला कळलंय, आणि कळून ही गप्प आहे, म्हणजे हिनं काहीतरी करून ठेवलंय. दवाखान्यात लेना टेबलावरून डोकं वर करेना तेव्हा खात्रीच झाली.

मागं फिरता आलं असतं. पोट दुखतंय म्हटलं असतं तर आठवडा मिळाला असता, नवा पुठ्ठा पाठ झाला असता. मी दारात उभा राहिलो. बोट दिसत होती मला, अगदी कठड्यासकट. आणि डाव्या कोपराला तिच्या हाताची ऊब तशीच होती. आत गेलो.

उजवा डोळा झाकला. पुठ्ठा उलटल्याचा आवाज आला. मी पाठ केलेलं म्हणायला लागलो. दुसऱ्या ओळीला डॉक्टरचा श्वास अडकला, तिथंच मला कळलं. तरी थांबलो नाही, शेवटच्या अक्षरापर्यंत म्हटलं. शिट्टी होईपर्यंत मैदान सोडायचं नाही, हे बाबांनी शिकवलंय.

सेथवर मी खोटाच चिडलोय. त्याला सगळं सांगितलंय. मी त्याला दारात शिव्या घालतो, तो मान खाली घालून जातो आणि संध्याकाळी आम्ही कोपऱ्यावर भेटून हसतो. संशय आपल्यावर नाही, अशी विनीला सुटका वाटावी म्हणून हे करतोय. तिला आपण होऊन सांगायचं असेल तेव्हा सांगेल. सोंग तिला अजिबात जमत नाही. त्या दिवशी खुर्चीला धरलं तेव्हा मला हसू आवरेना, मग ती खरंच रडली.

बोटीचं दुःख आहे. नाही असं म्हणणार नाही. पेपरात इतरांचे फोटो आले तो दिवस मी कारखान्यात पिंपांच्या मागं काढला.

क्लबनं मला मैदानाचं गवत राखायला ठेवलंय. काल झुंज होते त्या जागी उभा राहिलो आणि सगळं मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. उजव्यानं दिसतं सगळं.

तू तिला काही लिहू नकोस. ती आता रोज डावीकडून चालते, रस्ता कुठंही असो. गेल्या रविवारी चॅपलहून येताना मिसेस हेग म्हणाली, "विनी, अजून विकायलाच का?" तर ही म्हणाली, "गिऱ्हाईक मिळालं." आणि माझा दंड घट्ट धरला.

त्या बाजूला मी आता मान वळवून बघत नाही. ती असते तिथं.

जोनास